बुधली काट्यावर ठेवा

बेळगावच्या शहापूर भागातून एका भगिनीने लिहिले आहे :

“अडीच महिन्यांपासून मी मोबाइलमधल्या अॅपवर रोजच्या जेवणाची नोंद ठेवते. दिवसाला 1500 कॅलरींची मर्यादा पाळते. भाकरी, भात, आमटी, भाजी सगळे मोजून लिहिते, बाहेरचे खात नाही. तरी वजन जेमतेम अर्धा किलो उतरले आहे. मैत्रीण म्हणते, तू तेल धरत नाहीस. पण स्वयंपाक सासूबाई करतात, त्या पळीने तेल ओततात आणि भाजी सगळ्यांची एकाच कढईत होते. त्यातले माझ्या वाटीत किती आले हे कसे कळणार? फोडणीत जळलेले आणि कढईला चिकटलेले तेलही धरायचे का? आम्ही घाण्यावरचे शेंगदाणा तेल आणतो, ते रिफाइंडपेक्षा हलके असते ना? आणि सासूबाईंना न दुखावता हे सगळे कसे जमवायचे?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे. शरीरातली एक किलो चरबी उतरायला साधारण 7700 कॅलरींची तूट पडावी लागते असे ढोबळमानाने धरले जाते. म्हणजे अर्ध्या किलोला 3850. त्यांना 75 दिवसांनी भागले तर रोजची तूट पन्नासेक कॅलरींची निघते. शरीरातल्या पाण्यामुळे वजन एक-दीड किलो इकडेतिकडे होत असते, त्यामुळे हा आकडा काटेकोर मानू नका. पण 1500 ची मर्यादा ठरवताना आपण दिवसाला तीनशेच्या आसपास तूट योजली असेल, तर त्यातल्या दोन-अडीचशे कॅलरी नोंदीत न येता पोटात जात आहेत एवढे त्यातून कळते. भाकरीचा आकार आणि भाताची वाटी यांतही चूक होऊ शकते, हे मान्य. तरीही न मोजता इतकी भर घालू शकेल असा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात प्रामुख्याने एकच आहे.

एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून 9. शिवाय भाजी, भात, डाळ यांच्या वजनात पाण्याचा मोठा वाटा असतो. तेलात पाणी नाही, चोथा नाही, ते जवळजवळ निखळ चरबी आहे. म्हणून वांग्याच्या वजनात 20 ग्रॅमची चूक झाली तर पाच कॅलरींचा फरक पडतो, आणि तेलाच्या वजनात तेवढीच चूक झाली तर 180 चा. आपण वांगी वाटीने मोजता आणि तेल मात्र अॅपच्या अंदाजावर सोडता.

अॅपमधल्या तयार नोंदी कुठल्या तरी अनोळखी कढईच्या असतात. आपल्या भागात तर एकाच पदार्थाला दोन भाषांत दोन नावे आणि दोन आकडे मिळतात. आपण ‘भरली वांगी’ शोधाल तर एक आकडा येईल आणि शेजारच्या कन्नड काकूंचे ‘एण्णेगायी’ शोधाल तर दुसरा. (त्या नावातले ‘एण्णे’ म्हणजे तेलच. कन्नडने जे नावातच सांगून टाकले, ते आपल्या ‘भरली’ या शब्दाआड लपून राहिले आहे.) त्यामुळे तयार नोंद निवडण्याऐवजी आपल्या घरच्या प्रत्येक नेहमीच्या पदार्थाची स्वतःची नोंद एकदाच करून ठेवणे हा खरा उपाय आहे, आणि त्यासाठी आपल्याला स्वयंपाकघरातला एक साधा डिजिटल वजनकाटा पुरेल.

सासूबाईंची पळी मोजायची गरज नाही, बुधली मोजा. फोडणी द्यायच्या आधी तेलाने भरलेली बुधली काट्यावर ठेवून आकडा टिपून ठेवा आणि भाजी उतरल्यावर पुन्हा ठेवा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या भाजीत गेलेले तेल. मग ते एका दमात ओतले असो की वांगी परतताना आणखी दोनदा सोडले असो. पळीला हात लावावा लागत नाही आणि ‘आत्या, थांबा, आधी मोजते’ असे म्हणावेही लागत नाही. फक्त पळी पुन्हा बुधलीत निथळून ठेवायची पद्धत असेल तर दोन्ही वेळा वजन पळीसकट घ्या.

माझ्या स्वयंपाकघरातले एक उदाहरण देते. मध्यम आकाराची अर्धा किलो वांगी, 80 ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, 20 ग्रॅम सुके खोबरे, एक मोठा कांदा, सुपारीएवढा गूळ, मसाला आणि मीठ. बुधलीच्या दोन वजनांत 70 ग्रॅमचा फरक आला. मी स्वतः अंदाज केला होता तो ‘दोन-तीन चमचे’ असा. या सगळ्याचा हिशेब असा : वांग्यांच्या सुमारे 125 कॅलरी, कुटाच्या 440, खोबऱ्याच्या 130, कांदा आणि गूळ मिळून 85, आणि तेलाच्या 630, एकूण 1410. रिकामी कढई 1240 ग्रॅमची होती आणि भाजीसकट 2180 भरली, म्हणजे भाजी 940 ग्रॅम. 1410 ला 940 ने भागले की एका ग्रॅमला दीड कॅलरी. माझ्या वाटीत 150 ग्रॅम भाजी बसते, तेव्हा एका वाटीच्या 225 कॅलरी झाल्या. तेल धरलेच नसते तर हाच आकडा 125 च्या आत राहिला असता. वाटीमागे शंभर कॅलरींचा हा फरक आहे, आणि आपण भाजी दोन्ही वेळा जेवता.

‘माझ्या वाटीत किती आले’ या प्रश्नाचे उत्तर याच भागाकारात आहे. पूर्ण कढईचे एकूण आकडे, पूर्ण कढईचे वजन, आणि त्यातला आपल्या वाटीचा हिस्सा. घरात पाच माणसे जेवोत की पंधरा, हिशेब बदलत नाही. त्यात खोट येते ती एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण तवंगाचे आहे. भरली वांगी, मटकीची उसळ, तांबडा रस्सा यांत तेल वर येऊन तरंगते, आणि जो पहिली पळी वरून घेतो त्याच्या वाटीत कट जातो. तळातून ढवळून वाढले तर तेल बऱ्यापैकी सारखे वाटले जाते. रस्सा न ढवळता बाजूने वाढून घेतला तर आपल्या वाटीत सरासरीपेक्षा कमी तेल येईल हे खरे, पण ते किती कमी हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हा नोंद करताना सरासरीच धरा.

कढईला चिकटलेल्या तेलाचे म्हणाल तर या पद्धतीत त्याची वेगळी वजाबाकी करावी लागत नाही. भाजीचे वजन कढईत असतानाच घेतल्यामुळे कढईला लागून राहिलेला भाग कुणाच्याही वाटीत न आलेला हिस्सा म्हणून आपोआप बाजूला पडतो. माझ्या त्या कढईत सगळे वाढून झाल्यावर 22 ग्रॅम मसाला आणि तेल उरले होते; घरातल्या सगळ्यांत वाटले तर ते नगण्य आहे. मात्र आपल्याकडे अनेक घरांत शेवटी त्याच कढईत भात कालवून कढई पुसून खाण्याची रीत आहे, आणि हा मान बहुधा सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईकडे जातो. तो भात आपण खात असाल तर कढईतला उरलेला सगळा मसाला आपल्या एकटीच्या नावावर लिहिला पाहिजे, आणि तो वाटीतल्या भाजीपेक्षा ग्रॅमला जास्त तेलकट असतो.

फोडणीत तेल ‘जळते’ म्हणून त्याच्या कॅलरी कमी होतात, ही समजूत सोडून द्या. धुरावाटे आणि भिंतीवर उडालेल्या शिंतोड्यांतून जाणारे तेल अगदीच थोडे असते. मोहरी तडतडून झाल्यावरही बाकीचे तेल कढईत असते आणि ते भाजीतच उतरते. घाण्याच्या तेलाचेही तसेच. त्याला वास आहे, चव आहे, आणि ताजे काढून आणले तर मला स्वतःला तेच आवडते. पण शेंगदाण्याचे, करडईचे, सूर्यफुलाचे, खोबऱ्याचे, घाण्याचे किंवा रिफाइंड, कोणत्याही तेलाच्या 100 ग्रॅममध्ये 900 च्या आसपासच कॅलरी असतात. साजूक तुपाचाही आकडा जवळपास तोच. तेल ‘हलके’ असल्याचा लौकिक पचनाचा किंवा चवीचा असू शकेल, कॅलरींचा नाही. उलट घाण्याच्या तेलाची कमी तेलात चव येते असे मानून हात आखडता घेतला तर फायदा आहे, आणि चांगले आहे म्हणून दोन धारा जास्त सोडल्या तर तोटा.

चमच्यांविषयी एक सावधगिरी. अॅपमध्ये टीस्पून म्हणजे 5 मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे 15 मिलिलिटर. त्यांत अनुक्रमे साडेचार आणि साडेतेरा-चौदा ग्रॅम तेल बसते, म्हणजे सुमारे 40 आणि 120 कॅलरी. आपल्या डब्यातला ‘चमचा’ या दोहोंपैकी कोणताच नसण्याची शक्यता अधिक. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा, चमच्याने दहा वेळा पाणी भरून ओता आणि आलेल्या ग्रॅमना दहाने भागा. तेवढे मिलिलिटर आपल्या चमच्यात बसतात. तेल पाण्यापेक्षा थोडे हलके असल्याने त्या आकड्याच्या एक्क्याण्णव टक्के धरले की तेलाचे ग्रॅम मिळतात. एक लिटर तेलाचे वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरते ते याच कारणाने.

प्रत्येक पदार्थाच्या मागे सारखेच लागू नका. पातळ आमटीला 15 ग्रॅमची फोडणी दिली आणि आमटी दीड किलो झाली, तर आपल्या 200 ग्रॅमच्या वाटीत दोनच ग्रॅम तेल येते. तिथे चूक झाली तरी बिघडत नाही. ज्वारीच्या भाकरीला तेल लागतच नाही, फक्त पिठाचे वजन धरा. घडीच्या चपातीला लागते, आणि त्यासाठी कणकेशेजारची तेलाची वाटी आधी आणि नंतर मोजली की झाले. माझ्याकडे 20 चपात्यांना 38 ग्रॅम लागले, म्हणजे एकीला जेमतेम दोन ग्रॅम, सतराएक कॅलरी. दिवसाला चार खाल्ल्या तर सत्तर. विसरण्याइतक्या कमी नाहीत, घाबरण्याइतक्या जास्तही नाहीत.

आता जे आपल्या पत्रात कुठेच नाही त्याविषयी विचारते. भाकरीबरोबर शेंगाचटणी, कारळ्याची किंवा जवसाची चटणी आपल्याकडे असणारच, आणि तिच्यात खळगा करून वरून कच्चे तेल घेत असणारच. हे तेल चुलीवर चढत नाही, म्हणून त्याला कोणी स्वयंपाकाचे तेल म्हणत नाही आणि कोणी ते लिहीत नाही. मी एकदा ताट काट्यावर ठेवून नेहमीच्या हाताने चटणीवर तेल घेतले. 9 ग्रॅम झाले, 80 कॅलरी. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून 160. त्यात खालची चटणी स्वतःच निम्मी तेलाची, कारण शेंगदाण्यात सुमारे निम्मा भाग चरबीच असते. आपल्या हरवलेल्या दोन-अडीचशे कॅलरींचा मोठा वाटा मला इथेच सापडेल असे वाटते, आणि यात सासूबाईंचा काहीच संबंध नाही, कारण हे तेल आपण आपल्याच हाताने घेता. चटणी दह्यात कालवून पाहा. ज्यांना तेलाशिवाय घास उतरत नाही त्यांनी लहान चमच्याने एकदाच घ्यावे आणि ते लिहावे.

तळणाचा हिशेब लोकांना अवघड वाटतो, प्रत्यक्षात तो सोपा आहे. पावसाळ्यात मिरची भजी केली तर तळण्याआधी तेलासकट कढईचे वजन घ्या. भजी झाल्यावर तेल पूर्ण निवू द्या, गाळणीने चुरा काढून टाका आणि पुन्हा वजन करा. तळताना जी वाफ जाते ती पिठातल्या आणि मिरचीतल्या पाण्याची असते, तेलाची नव्हे. म्हणून तेलात आलेली घट जवळजवळ सगळी भज्यांत गेलेली असते. 24 भज्यांना 120 ग्रॅम तेल लागले तर एका भज्यात 5 ग्रॅम, म्हणजे 45 कॅलरी तेलाच्या; बेसनाच्या वेगळ्या. गरम कढई काट्यावर ठेवू नका. काटा तर जातोच, हातही भाजतो.

सगळ्या नोंदींवर एक मोठी पडताळणी ठेवा, आणि तीत सासूबाईंना आपणहून सामील करून घ्या. महिन्याला घरात तेल किती येते, हे आपल्यापेक्षा त्या अचूक सांगतील. समजा पाच लिटर येते, म्हणजे 4550 ग्रॅम. त्यातले देवापुढच्या समईला 250 ग्रॅम गेले असे धरा. उरले 4300. घरात चार मोठी माणसे आणि दोन लहान मुले असतील तर मुलांचे मिळून एक माणूस धरा. पाच माणसे, तीस दिवस, 150 वाटे. माणशी रोज 28 ते 29 ग्रॅम, म्हणजे 258 कॅलरी. आपल्या नोंदीतल्या तेलाची रोजची बेरीज या आकड्याच्या आसपास यायला हवी. ती दहा ग्रॅमच येत असेल तर कुठे तरी लिहायचे राहते आहे हे नक्की. पाहुणे आले, लोणचे घातले, दिवाळीचा फराळ झाला, तर तो महिना या हिशेबातून वगळा. घाण्यावर तेल किलोने मिळत असेल तर लिटरचे ग्रॅम करायचाही त्रास नाही.

तुलनेसाठी सांगते : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहे. आपली मर्यादा 1500 ची असल्याने आपला वाटा त्याहून कमी हवा. वीस ग्रॅमच्या आसपास ठेवलात तर ठीक राहील. तेल पूर्ण तोडू नका. काही आवश्यक स्निग्धाम्ले शरीराला आहारातूनच मिळवावी लागतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जायला थोडी चरबी लागते. आपल्याला मधुमेह, थायरॉइड किंवा अन्य काही त्रास असेल, किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर 1500 ही मर्यादाच आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्या स्वयंपाकात तेल जास्त आहे, असे म्हणून सुरुवात केलीत तर चार दिवस घरात बिनतेलाची भाजी होईल आणि पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत होईल. काटा ओट्याच्या कोपऱ्यात कायमचा ठेवून त्यावरच बुधली ठेवायची जागा करा. त्यांना काही बदलावे लागत नाही. बुधली उचलली आणि ठेवली की आकडा आपल्याला दिसतो. विचारले तर खरे कारण सांगा, की मला माझ्या वाटीचा हिशेब लावायचा आहे. तेल कमी करण्याची विनंती करायचीच झाली तर ती एका पदार्थापुरती करा, आणि जिथे चवीला सर्वांत कमी धक्का बसेल तिथे करा. भरल्या वांग्यांत तेल हा पदार्थाचा प्राण आहे, तिथे हात घालू नका. त्यापेक्षा कोबी, फरसबी, दोडका अशा रोजच्या भाज्यांना झाकण ठेवून, झाकणात पाणी घालून वाफेवर शिजवले तर निम्म्या तेलात होतात, आणि ही युक्ती बहुधा सासूबाईंनाच आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असेल.

हे मोजमाप जन्मभर करायचे नाही. तीस-चाळीस वर्षे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात फार हलत नाही. तीच भाजी त्या तितक्याच माणसांसाठी करतात तेव्हा तेल थोड्याफार फरकाने तेवढेच पडते. एकेका भाजीचे वजन तीन-चार वेळा घेतले की सरासरी हाती येते. ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून ठेवा : वांगी 70, उसळ 45, कोबी 30. महिन्याभरात आपल्या घरचे नेहमीचे पंधरा-वीस पदार्थ त्या कागदावर येतील आणि काटा पुन्हा कपाटात जाईल. सासूबाई गावी गेल्या आणि कढई आपल्या हाती आली की मात्र तो काढा, कारण त्या कागदावरचे आकडे त्यांच्या हाताचे आहेत, आपल्या नव्हेत.